खोटी घंटा, हुकलेली घंटा आणि तिसरा निकाल: सत्तरीतल्या एका कुळागराचं प्रकरण

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीच्या काठाला लागून एक कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आहे. उंच माड, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या वेली आणि सगळ्यांत खाली केळी. बागेची मोटर काठावरच्या छोट्या खोलीत बसवलेली. घराचं आणि गोठ्याचं पाणीही त्याच मोटरीवर, त्यामुळे पावसाळ्यात ती काढून घरी ठेवता येत नाही. जुलै २०२१ मध्ये म्हादईला मोठा पूर आला, तेव्हा मोटर रात्रीत बुडाली आणि गाळासकट बाहेर निघाली. घर चढावर, नदीपासून बरंच वर. मधे सगळं दाट झाड. बागेचे मालक म्हणजे काका. त्यांचं मागणं साधं होतं: "पाणी खुणेवर आलं की घरात घंटा वाजायला हवी. दोन माणसं घेऊन मी चेन पुलीनं मोटर वर काढतो. मला फक्त वेळेवर कळू दे."

ही खूण काठावर, मोटरीच्या खाली. खुणेपासून मोटरीपर्यंत पाणी चढायला, काकांच्या अनुभवात, निदान तासभर लागतो. माणसं बोलावून मोटर वर घ्यायला अर्धा तास. म्हणजे हातात उरतो अर्धा तास. पुढचा सगळा हिशेब या अर्ध्या तासावर उभा आहे, म्हणून तो आधीच सांगितला.

त्यासाठी काठावर बसवलं ते एवढंच: एक फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर तरंगून चालू होणारं बटण), एक छोटा रेडिओ, बॅटरी आणि सोलर पॅनेल. रेडिओ ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला, कारण आपल्याकडे ठरावीक ताकदीपर्यंत त्याला वेगळा परवाना लागत नाही. दर दहा मिनिटांनी काठावरून घरी एक निरोप जातो: पाणी खुणेखाली असेल तर ०, खुणेवर असेल तर १. "सगळं ठीक" हाही निरोप मुद्दाम पाठवायचा असं सुरुवातीलाच ठरवलं. तसं केलं नाही, तर बॅटरी संपल्यामुळे पडलेली शांतता आणि नदी शांत असल्यामुळे पडलेली शांतता यांत घरच्यांना फरकच कळणार नाही.

मे महिन्यात ही जोडणी उत्तम चालली. जूनमध्ये पाऊस लागला आणि निरोप बिघडू लागले. घरात सगळ्यांनी पावसाला दोष दिला, पण या वारंवारतेला पावसाचे थेंब जवळजवळ काहीच अडवत नाहीत. अडवतात ती ओली पानं. माड-पोफळी-केळींचा तो सगळा हिरवा थर पाणी धरून बसला की त्यातून जाणारा सिग्नल कितीतरी जास्त शोषला जातो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे हा थर चार महिने क्वचितच वाळतो.

सिग्नल थोडा पडला की चुका किती वाढतात, याचा अंदाज पटकन येत नाही. आमच्यासारख्या साध्या एफएसके रेडिओत (० आणि १ साठी दोन वेगळ्या वारंवारता वापरणाऱ्या), दर बिटाची, म्हणजे एका ० किंवा १ ची, ऊर्जा गोंगाटाच्या मानाने १२ डेसिबल वर असेल, तर दहा हजार बिटांत सुमारे दोन चुकतात. तीच ५ डेसिबलवर आली की दहातला एक बिट उलटा येतो. फक्त ७ डेसिबलचा फरक! ठरलेला नमुना पाठवून मोजलं, तेव्हा भिजलेल्या बागेतून वाईट वेळी हेच प्रमाण निघालं, दहात एक. एक बिट उलटा येण्याच्या शक्यतेला p म्हणू. पुढचे आकडे p = ०.१ धरून काढले आहेत, आणि दर बिटाची चूक स्वतंत्र आहे असंही धरलं आहे. हे दुसरं गृहीत कुठे डळमळतं ते पुढे येईल.

दहातला एक निरोप उलटा हे कुणालाच चालणार नाही. सर्वांत साधा उपाय म्हणजे तोच बिट नऊ वेळा पाठवायचा आणि बहुमत घ्यायचं. नवांपैकी पाच किंवा जास्त बिट उलटले तरच निकाल चुकतो, आणि त्याची शक्यता ०.०००८९, म्हणजे दहा हजारांत नऊ. कागदावर छान वाटतं. पण जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस, रोज १४४ निरोप, एकूण १७,५६८. त्यातले जवळजवळ सगळे "ठीक" चे. दहा हजारांत नऊ या दराने मोसमात पंधरा-सोळा वेळा पाणी नसताना घंटा वाजणार, आणि त्यातल्या निम्म्या तरी रात्री.

इथे काकांनी जे सांगितलं ते बहुतेक सगळेच सांगतील. "खोटी घंटा वाजली तर वाजू दे, मी उठून बघेन. पण खरी हुकता कामा नये." हे मागणं गणितात बसवणं सोपं आहे. बहुमताचा उंबरठा पाचावरून तिनावर आणायचा: नवांत तीन जरी १ दिसले तरी घंटा. मग खरी घंटा हुकायला सात बिट उलटावे लागतात. त्याची शक्यता दहा लाखांत तीन. पण याच उंबरठ्याने खोटी घंटा वाजायला तीनच बिट उलटणं पुरतं, आणि ते घडतं शंभरात ५.३ वेळा. रोजच्या १४४ निरोपांत सात-आठ खोट्या घंटा. दोन दिवसांत काका ती घंटा बंद करून झोपतील, आणि मग खरी घंटाही हुकेल, कोणत्याही सूत्रात न दिसणाऱ्या कारणाने.

मी काकांना म्हटलं, "काका, खरी हुकली तर काय होतं ते नीट बघूया. पाणी खुणेवर आलं की ते तिथेच राहतं. दहा मिनिटांनी तोच निरोप परत येतो, वीस मिनिटांनी परत. तुमच्याकडे अर्धा तास आहे, म्हणजे तीन संधी. खोट्या घंटेला मात्र दुसरी संधी नाही. ती एकदा वाजली की तुम्ही उठलातच."

काकांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे खोटी जास्त वाईट?"

प्रश्न नेमका होता. तशी खोटी घंटा जास्त वाईट नाही. बुडालेली मोटर नक्कीच जास्त वाईट. पण खोट्या घंटेला मोसमात सतरा हजारांवर संधी मिळतात आणि प्रत्येक संधी एकटीच पुरेशी असते. हुकण्याला पूर येईल तेव्हाच संधी मिळते, आणि नुकसान व्हायला ओळीने तीनदा हुकावं लागतं. चुकीची किंमत आणि चुकीला मिळणाऱ्या संधी, दोन्ही एकत्र धरल्याशिवाय उंबरठा कुठे ठेवायचा हे कळत नाही. म्हणून उंबरठा काकांच्या मागणीच्या उलट दिशेला, वर न्यावा लागला. सहावर ठेवला तर खोटी घंटा मोसमात सरासरी एकदा. एक निरोप हुकण्याची शक्यता ०.८३ टक्के, ओळीने तीन हुकण्याची एक कोटीत सहाच्या आसपास. सातावर ठेवला तर खोटी घंटा साधारण एकोणीस मोसमांत एकदा. एक निरोप हुकण्याची शक्यता ५.३ टक्के, ओळीने तीन हुकण्याची दहा हजारांत दीड.

नेमन आणि पीअरसन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हाच प्रश्न सर्वसाधारण रूपात सोडवला होता: एका प्रकारच्या चुकीवर मर्यादा घाला आणि त्या मर्यादेत दुसरी चूक जितकी कमी करता येईल तितकी करा. उंबरठा सरकवून एक चूक घटवली की दुसरी वाढतेच. नऊ बिट नऊच आहेत. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे की सरकवणं फुकट असतं. बॅटरी, अँटेना, रेडिओ तेच राहतात आणि फक्त एक आकडा बदलतो. पुष्कळ ठिकाणी उपकरणाबरोबर आलेलं बहुमत तसंच राहतं, कारण दोन्ही चुका सारख्या ठेवणं निःपक्षपाती वाटतं. नदीला आणि मोटरीला त्या सारख्या नसतात.

सहा की सात, हे काकांनीच ठरवायचं होतं, आणि वर्षातून एक खोटी घंटा त्यांना मान्य होती. म्हणजे सहा. पण मग p चा प्रश्न उभा राहिला. दहात एक हे मोजलेलं प्रमाण. ते दहात दोन झालं तर? सहाच्या उंबरठ्यावर खोटी घंटा हजारात तीन निरोपांवर येते, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एक. सातावर ती दहा हजारांत तीन. दहात एकच्या वेळी हीच दहा लाखांत तीन होती. बिटाची चूक दुप्पट झाली आणि घंटेची चूक शंभरपट. हुकण्याकडेही सुख नाही: सातावर एक निरोप हुकण्याची शक्यता २६ टक्के, ओळीने तीन हुकण्याची १.८ टक्के. आणि p वाढणार तो नेमका संततधारेच्या दिवशीच, पूर येण्याची शक्यता सर्वांत जास्त असताना. उंबरठा कुठेही ठेवला तरी त्या दिवशी दोन्हीपैकी एक बाजू उघडी पडत होती.

इथून मार्ग निघाला तो उत्तरांची संख्या वाढवून. आत्तापर्यंत घरच्या यंत्राला दोनच निकाल देता येत होते, "ठीक" किंवा "घंटा". तिसरा दिला: "कळलं नाही". नवांत दोनपर्यंत १ असतील तर ठीक, सात किंवा जास्त असतील तर घंटा, आणि तीन ते सहा असतील तर काहीच न ठरवता काठावरच्या रेडिओला परत पाठवायला सांगायचं. संदेशवहनाचे अभ्यासक डेव्हिड फोर्नी यांनी १९६८ मध्ये खोडलेले, म्हणजे न दिलेले, निकाल आणि परत विचारण्याची सोय यांवर जो निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे: निकाल न देण्याची मुभा मिळाली की चुकीचा निकाल कितीतरी जास्त वेगाने घटतो.

आकडे बघा. p = ०.१ वर आता दोन्ही प्रकारच्या चुका दहा लाखांत तीनच्या घरात येतात, एकाच वेळी दोन्ही. "कळलं नाही" निघतं ५.३ टक्के वेळा, म्हणजे सरासरी निरोपामागे नऊऐवजी साडेनऊ बिट जातात. परत न विचारता, नुसत्या बहुमताने हीच अचूकता हवी असती, तर तोच बिट २१ वेळा पाठवावा लागला असता (१९ वेळा पाठवला तर चूक दहा लाखांत चारच्या जरा खाली राहते). साडेनऊ विरुद्ध एकवीस. फरक पडतो तो यामुळे, की जास्तीचे बिट गरज असेल तेव्हाच खर्च होतात. बहुतेक निरोप पहिल्या फटक्यात स्वच्छ कळतात. त्यांच्यावर बारा जादा बिट खर्च करण्यात अर्थ नसतो.

p = ०.२ च्या दिवशी "कळलं नाही" २६ टक्क्यांवर जातं, पण एका मिनिटात पाच प्रयत्न करता येतात, आणि पाचही अनिर्णित राहण्याची शक्यता हजारात सव्वा. दहा-दहा मिनिटांच्या तीन संधींवर अवलंबून राहायचं कारण उरत नाही. खोटी घंटा अशा दिवसांत सोळा-सतरा दिवसांतून एकदा येईल. इतके सलग वाईट दिवस आले, तर तेवढी काकांना चालेल.

याची किंमत आहे ती ऐकण्याची. परत विचारलेलं ऐकायला काठावरचा रेडिओ जागा हवा, आणि जागा रेडिओ बॅटरी खातो. जुलैमध्ये सोलर पॅनेलवर ऊन मोजकंच. म्हणून निरोप पाठवल्यावर थोडाच वेळ कान उघडा ठेवायचा आणि मग झोपायचं. विचारणा वाटेत हरवली, तर दहा मिनिटांनी पुढचा निरोप येतोच.

स्वतंत्र चुकांचं गृहीत डळमळतं ते गडगडाटात. वीज चमकली की रेडिओत एक जोरदार खरखर येते आणि ओळीने कितीतरी बिट एकदम खराब होतात. तेव्हा नऊ प्रती एकामागून एक पाठवण्याचा उपयोग नाही. सगळ्या एकाच तडाख्यात सापडतात. आम्ही त्या तीन-तीनच्या गटांत, मधे काही सेकंद सोडून पाठवल्या, आणि परत विचारतानाही थोडं थांबून विचारलं. मॉन्सून उतरताना ऑक्टोबरमध्ये सत्तरीत दुपारनंतर जो गडगडाट होतो, त्याच्यासाठी ही एवढी काळजी पुरते.

काकांना नंतर पाण्याची उंचीही हवी झाली. नुसतं खुणेवर-खुणेखाली नको, किती चढलं तेही कळू दे. तो निरोप वेगळ्या जातीचा आहे. चार बिटांत सोळा पायऱ्या; एक वाचन चुकलं तर आलेखात एक वेडा ठिपका, एवढंच. इथे १९५० चा हॅमिंगचा कोड, म्हणजे चूक सापडावी म्हणून जादा बिट जोडण्याची पद्धत, कामाला आला. चार बिटांना तीन तपासणीचे बिट जोडले की सातांत एक चूक दुरुस्त होते. p = ०.१ वर वाचन बरोबर येण्याची शक्यता ८५ टक्के, चूक येण्याची १५. कोड नसता तर ३४ टक्के वाचनं चुकली असती. आता त्यात आठवा बिट घालायचा, संपूर्ण निरोपाच्या सम-विषमतेचा (त्यातले १ सम आहेत की विषम). तो एक दुरुस्त करतो आणि दोन चुका झाल्या तर ओळखतो. बरोबर वाचनं ८१ टक्क्यांवर उतरतात, पण चुकीची १५ वरून साडेतीन टक्क्यांच्या खाली येतात. उरलेली १५ टक्के "कळलं नाही" म्हणून बाजूला पडतात. तेच आठ बिट घेऊन दुरुस्ती अजिबात करायची नाही, फक्त तपासायचं, असं ठरवलं तर चुकीचं वाचन हजारात एकाहूनही कमी; मात्र ५७ टक्के निरोप टाकून द्यावे लागतात. कोड एकच, पाठवणाराही तोच. वाचणारा किती धीट आहे त्यावर सगळं बदलतं. आलेखासाठी आम्ही मधली वाट घेतली, दुरुस्तीही आणि ओळखही. ठिपका नसला तर रेष तिथे तुटते, आणि तुटलेली रेष चुकीच्या ठिपक्यापेक्षा प्रामाणिक.

शॅननच्या १९४८ च्या प्रमेयाप्रमाणे p = ०.१ च्या वाहिनीची, म्हणजे अशा रेडिओच्या वाटेची, क्षमता दर बिटामागे ०.५३ बिट आहे; खात्रीने पोचवता येईल अशी माहिती एवढीच. आठ बिटांत चार कामाचे, हा आमचा वेग त्याच्या आतच बसतो. म्हणजे याच वेगाने, हवी तितकी कमी चूक ठेवणारे कोड अस्तित्वात आहेत. पण ते लांब असतात, शेकडो-हजारो बिटांचे. दहा मिनिटांना चार बिट या हिशेबाने एवढे बिट जमायला तास, कधी दिवस लागतील. दिवसभराची नोंद रात्री एकदम पाठवायला हे उत्तम आहे. चढत्या पाण्याला मात्र इतकं थांबायला वेळ नाही. बोराडे, नाकिबोग्लू आणि झेंग या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेला विचार इथे फार मोलाचा आहे: हजार निरोपांमधला एकच निरोप खास असेल, तर बाकीचे क्षमतेच्या जवळच्या वेगाने पाठवत असतानाही त्या एकाला बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त संरक्षण देता येतं. उंचीचे आकडे आणि घंटा एकाच चौकटीत, एकाच संरक्षणाने कोंबायची नाहीत, हे आम्ही त्या जोरावरच ठरवलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कोडच्या बाहेरची आहे. एका पुरात वाहून आलेलं केळीचं वाळलेलं पान फ्लोटच्या दांड्यावर असं चिकटलं, की पाणी वर आणि फ्लोट खालीच. रेडिओ अगदी निर्दोषपणे "ठीक" कळवत राहिला. दहा लाखांत तीनची अचूकता ही रेडिओच्या वाटेची. फ्लोट खोटं बोलला तर कोड ते खोटंही तितक्याच काळजीने पोचवतो. म्हणून आता दोन फ्लोट आहेत, हातभर अंतरावर, जाळीच्या पिंजऱ्यात. दोघांचं पटलं नाही तर घंटा वाजते. त्या वेळी संशय पाण्याच्या बाजूने द्यायचा, हे काकांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला ३२ बिटांची ठरलेली ओळख असते. तासाभरात असे १९२ ओळखीचे बिट जमतात. त्यांत एकोणीसच्या आसपास उलटे आले तर p दहात एक, अडतीसच्या आसपास आले तर दहात दोन. घरचं यंत्र हे मोजतं आणि p वाढला की पिवळा दिवा लावतं. त्या दिवशी काका स्वतः एकदा काठावर जाऊन येतात.

आता खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांनाही हे हवं आहे. त्यांची मोटर सखल जागी आहे. खुणेपासून मोटरीपर्यंत पाणी चढायला तास लागत नाही, तो वेळ अर्ध्या तासाच्या थोडाच वर. मोटर वर घ्यायचा अर्धा तास वजा केला की हातात राहतात जेमतेम पाच मिनिटं. दहा मिनिटांचा एक निरोपही त्यात बसत नाही, म्हणून त्यांच्याकडे निरोप दर तीन मिनिटांनी ठेवावा लागेल. मोसमात ५८,५६० निरोप, म्हणजे p = ०.१ वर खोटी घंटा पाच-सहा मोसमांत एकदा. ते त्यांना चालेल. सोलर पॅनेल मात्र मोठं लागेल, कारण निरोप तिप्पट आणि ऐकणंही तिप्पट. आणि त्यांची अँटेना पोफळींच्या माथ्यावर नेता आली, तर पाच-सात डेसिबल तिथेच मिळतील. मग नऊ प्रतींऐवजी पाचही पुरतील. ते काम दसऱ्यानंतर, पानं वाळली की हातात घेणार आहोत.